कोल्हापुरातील जुन्या कॅथलिक चर्चला स्थानिक वारसा दर्जा कसा मिळवावा : नवख्यांसाठी मार्गदर्शक

कोल्हापुरात वारसा वास्तूंचा विषय निघाला की भवानी मंडप, टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ही नावे लगेच तोंडी येतात. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेल्या इमारतींनी शहराचा चेहरा इतका ठळक केला आहे की, आसपासची लहान प्रार्थनास्थळे, शाळा आणि जुनी निवासस्थाने नजरेच्या टप्प्यात असूनही कुणाच्या हिशेबात नसतात. आपल्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) किंवा शेजारच्या जुन्या कॅथलिक चर्चला स्थानिक वारसा वास्तूचा दर्जा मिळावा असे ज्यांना वाटते, परंतु महापालिकेत कधी अर्जही केलेला नाही, अशांसाठी हा लेख लिहिला आहे. चर्च कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत आहे असे गृहीत धरले असून, हद्दीबाहेरच्या चर्चबाबत काय करावे ते ओघात सांगितले आहे.

इमारत किती जुनी आहे, या प्रश्नावर नवखे लोक सर्वाधिक वेळ घालवतात. माझ्या मते त्याहून अवघड आणि महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. चर्चच्या आवारातील नेमके काय जपायचे आणि काय बदलण्याची मोकळीक ठेवायची, हे अर्जदार, धर्मगुरू आणि धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील विभाग) यांच्यात आधी ठरले पाहिजे. ते ठरलेले नसेल तर उत्तम पुरावे जोडलेला प्रस्तावही सुनावणीत लंगडा पडतो.

आधी योग्य दार शोधावे

आपल्याकडे वास्तूला संरक्षण मिळण्याच्या तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. त्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित असते. राज्य संरक्षित स्मारके राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. तिसरी वाट स्थानिक वारसा यादीची. ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावलीवर आधारलेली असून, तिचे काम महापालिकेचा नगररचना विभाग आणि हेरिटेज समिती पाहते. नियमित मिस्सा (सामूहिक उपासना) चालणाऱ्या, लोकांच्या वापरातल्या चर्चसाठी जवळजवळ नेहमी ही तिसरी वाटच योग्य असते.

हा फरक शेजाऱ्यांना पहिल्याच बैठकीत समजावून सांगावा. ‘हेरिटेज’ हा शब्द कानावर पडताच आता शंभर मीटरच्या आत कुणालाच घर बांधता येणार नाही, अशी भीती पसरते आणि मग चर्चशी काही देणेघेणे नसलेले लोकही विरोधाच्या अर्जावर सह्या करतात. शंभर मीटरची ती बंदी केंद्रीय कायद्यातील आहे; स्थानिक यादीत एखादी इमारत आल्याने ती आपोआप लागू होत नाही.

चर्च शहराबाहेर असेल तर दार बदलते. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत ती संस्था स्वतः नियोजन प्राधिकरण असते आणि निव्वळ ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय व नगररचना खात्याची जिल्हा शाखा गाठावी लागते. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय पुरातत्त्व खात्याचे असल्यामुळे अनेकजण अर्ज घेऊन तिथेच जातात. तेथे माहिती मिळू शकते, पण स्थानिक यादीचा प्रस्ताव तिथे दाखल होत नाही.

अर्ज लिहिण्यापूर्वी शहराची सध्याची वारसा यादी नगररचना विभागातून मिळवून वाचावी. आपले चर्च किंवा त्याचे आवार एखाद्या वेगळ्याच नावाने आधीच नोंदलेले नाही ना, ते पाहावे. साध्या विनंतीने यादी मिळाली नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. याच वेळी शहराच्या सुधारित विकास आराखड्याचे काम कोणत्या टप्प्यावर आहे, हेही विचारून घ्यावे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचनांची मुदत चालू असेल, तर त्या मुदतीत स्वतंत्र लेखी सूचना देण्याची संधी दवडू नये.

चर्च कोणाचे, हे कागदावर पाहावे

बाहेरच्या माणसाला सगळी चर्च एकसारखीच वाटतात. कोल्हापुरात तर ही गल्लत अधिकच होते, कारण शहरातील सर्वांना ठाऊक असलेली जुनी चर्च कॅथलिक नाहीत. ऑल सेंट्स चर्च अँग्लिकन परंपरेतले. वाइल्डर मेमोरियल चर्चला अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर यांचे नाव असून ते १८५२ मध्ये कोल्हापुरात आले होते. कॅथलिक चर्चची रचना अशी असते: चर्च धर्मग्रामाचे, धर्मग्राम धर्मप्रांताचा भाग आणि धर्मप्रांताचे प्रमुख बिशप. कोल्हापूर शहर पुणे धर्मप्रांतात येते आणि त्या धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची आहे.

या रचनेचा व्यवहारातील अर्थ असा की, स्थानिक फादरांनी तोंडी होकार दिला म्हणजे मालकाची संमती मिळाली असे होत नाही. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यानुसार, धर्मग्रामाच्या कायदेशीर बाबींत धर्मगुरू त्याचे प्रतिनिधित्व करतात, पण नेहमीच्या कारभारापलीकडच्या कृतीसाठी बिशपांची लेखी परवानगी लागते. इमारतीच्या भविष्यातील दुरुस्ती आणि बांधकामावर परिणाम करणारा अर्ज नेहमीच्या कारभारात मोडतो, असे म्हणणे कठीण आहे. म्हणून फादरांचे पत्र, धर्मग्राम परिषदेचा ठराव आणि बिशप कार्यालयाचे ना-हरकत पत्र अशी तिन्ही कागदपत्रे एकाच संचात असावीत. फादरांची काही वर्षांनी बदली होते आणि नवे फादर जुन्या तोंडी आश्वासनाला बांधील नसतात. लेखी परवानगीचा हा दुसरा उपयोग.

त्यानंतर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढावा. वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर अचूक लिहिला नाही तर कार्यालयातील कारकून पुढे काही शोधूच शकत नाही. पत्रिकेवर जुन्या मिशनचे, एखाद्या विश्वस्त संस्थेचे किंवा केवळ बिशप या पदाचे नाव आढळू शकते. पत्रिकेवरचे नाव, धर्मादाय आयुक्त कार्यालयातील परिशिष्ट १ चा (विश्वस्त संस्थेच्या नोंदीचा) उतारा आणि संमतीपत्रावरचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेची नोंदणी पुण्यात असू शकते. त्यामुळे कोल्हापूरच्या कार्यालयात नोंद सापडली नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

विश्वस्तांच्या मनात येणाऱ्या दोन शंकांची उत्तरे तयार ठेवावीत. एक, वारसा यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही आणि उपासनेत कुणाचा हस्तक्षेप होत नाही. धार्मिक संप्रदायांना आपली मालमत्ता बाळगण्याचा आणि कायद्यानुसार तिचा कारभार पाहण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २६ ने दिलेला आहे. दुसरी शंका महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३६ ची असते. ते कलम स्थावर मालमत्तेची विक्री, गहाण, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा अशा हस्तांतरणासाठी आहे आणि यादीत नोंद होणे हे हस्तांतरण नव्हे.

मालक विरोधात असेल तर काय? कायद्याच्या दृष्टीने वारसा यादीचा प्रस्ताव मालकाच्या इच्छेवर पूर्णपणे अवलंबून नसतो. तरीही नवख्या गटाने धर्मप्रांताशी लढत अर्ज पुढे रेटू नये असे मला वाटते. छपराची गळती काढणे, लाकडाला वाळवी लागू न देणे, घंटाघराची शिडी धड ठेवणे ही रोजची कामे शेवटी मालकालाच करायची असतात, आणि रागावलेला मालक ती करत नाही.

काय जपायचे याची रेषा आखावी

या टप्प्यावर घाई करू नये. कॅथलिक चर्चचे आवार सहसा एका इमारतीचे नसते. मुख्य चर्च, फादरांचे निवासस्थान, शाळा, सिस्टरांचे कॉन्व्हेंट, सभागृह, लूर्द मातेची गुहा, आवारातील क्रूस, कुठे लहानसे कबरस्तान आणि भोवतालची जुनी झाडे, असे सगळे एकाच मिळकत क्रमांकात असू शकते. ‘चर्च परिसर’ एवढेच लिहून अर्ज केला तर शाळेची १९८० च्या दशकातील काँक्रीटची इमारतही प्रश्नाच्या कक्षेत येते आणि उद्या वर्गखोल्या वाढवायच्या आहेत म्हणून व्यवस्थापन पहिल्याच बैठकीत नकार देते.

म्हणून आवाराचा नकाशा टेबलावर पसरून फादर, परिषद, शाळा आणि एखादा संवर्धन वास्तुविशारद यांनी एकत्र बसावे आणि तीन रंगांनी खुणा कराव्यात. जे मूळ आणि महत्त्वाचे आहे, जे जुने असले तरी बदलले तर चालेल असे आहे आणि ज्याला वारसामूल्य नाही. चर्चचा दर्शनी भाग रस्त्यावरून जिथून पूर्ण दिसतो ती मोकळी जागा पहिल्या गटात घालावी की नाही, यावर वाद हमखास होतो. तो वाद इथेच होऊ द्यावा, कारण याच मोकळ्या जागेत पुढे मंडप, पार्किंगची शेड किंवा सभागृह उभे राहण्याची शक्यता सर्वाधिक असते.

इमारतीच्या आतही अशीच रेषा लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, उपासनाविधीत बदल झाले आणि जगभरातील चर्चमध्ये वेदी भिंतीपासून पुढे आणली गेली, जेणेकरून धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करतील. पुष्कळ ठिकाणी जुनी उंच वेदी मागे तशीच राहिली, काही ठिकाणी ती काढली गेली, तर काही ठिकाणी वेदीचा कठडा तेवढा हलवण्यात आला. आपल्या चर्चमध्ये काय झाले ते शोधून अर्जात लिहावे आणि उपासनेसाठी लागणारे भविष्यातील बदल धर्मप्रांताच्या अधिकारात राहतील, असे वाक्य त्याला जोडावे. त्या एका वाक्याने बिशप कार्यालयाची निम्मी चिंता मिटते. हलवता येणाऱ्या वस्तू, म्हणजे पुतळे, चषक, मिरवणुकीचे क्रूस, या मात्र इमारतीच्या यादीत घालू नयेत; त्यांची स्वतंत्र नोंदवही धर्मग्रामाने ठेवावी. अर्जाच्या निमित्ताने मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे सार्वजनिक कागदात जाणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नाही.

पुरावे कुठे सापडतात

पहिला साठा धर्मग्रामातच असतो. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे आणि जुन्या वह्या जपणे हे कॅनन लॉने बंधनकारक केले आहे. या वह्यांतून पहिली नोंद कोणत्या वर्षाची, त्यावर सही कोणाची आणि चर्चचा उल्लेख कोणत्या संताच्या नावाने आहे, एवढेच टिपावे. माणसांची नावे आणि कुटुंबांचे तपशील अर्जात उतरवू नयेत. ती खासगी माहिती आहे आणि प्रस्तावाला तिची गरजही नाही. नोंदवह्यांखेरीज धर्मग्रामाची दैनंदिनी किंवा वृत्तांतवही असेल तर ती विचारावी. छप्पर कधी बदलले, घंटा कुठून आली, पावसात कोणती भिंत पडली, हे अशा वहीत चार ओळींत सापडून जाते.

पुणे मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइटांकडे (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाकडे) होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत राहावे लागले. त्यामुळे त्या काळातील पत्रे लॅटिन किंवा जर्मन भाषेत असण्याची शक्यता आहे, आणि महायुद्धाच्या सुमारास नोंदींचे हस्ताक्षर अचानक बदललेले दिसले तर त्यामागचे कारण हेही असू शकते. आपल्या चर्चची परंपरा गोव्याकडची असेल, तर कबरींवर पोर्तुगीज किंवा कोंकणी मजकूर दिसेल. असा मजकूर घासून स्वच्छ करण्याच्या भानगडीत पडू नये. तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी छायाचित्र घेतले तर झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

दुसरा साठा संस्थानाचा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीचे जमिनीचे हुकूम, दिलेल्या जागा आणि बांधकामाच्या परवानग्या यांचा शोध कोल्हापूर पुराभिलेखागारात घ्यावा लागतो. जुनी कागदपत्रे मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचक सोबत असावा. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात चौकशी केली तर असा माणूस भेटू शकतो. मोडी वाचनात एखादा अंक किंवा सनाचा प्रकार चुकला तर तारीख सरळ बदलते, म्हणून मूळ कागदाची प्रत, लिप्यंतर आणि वाचकाची सही असे तिन्ही जोडावे. छापील साधनांपैकी १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूर खंड अवश्य पाहावा, पण त्यात नुसता ‘चर्च’ असा उल्लेख आढळला तर तो आपल्याच चर्चचा आहे असे मानू नये. आधी पंथ आणि जागा तपासावी. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय इथे जुनी वृत्तपत्रे व स्मरणिका यांची चौकशी करावी.

तिसरा साठा म्हणजे इमारत स्वतः, आणि नवखे लोक नेमके इथेच कमी बघतात. कोनशिलेवरचे वर्ष पायाभरणीचे आहे की आशीर्वादविधीचे, हे वाचून ठरवावे. या दोन तारखांत बरेच अंतर असू शकते. घंटेच्या कडेला ओतकाम करणाऱ्याचे नाव आणि वर्ष असते, पण घंटा दुसऱ्या चर्चमधून आलेली असू शकते. कौलारू छप्पर असेल तर दुरुस्तीच्या वेळी खाली काढलेले एखादे जुने कौल उलटे करून पाहावे. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव ठशात उठवलेले असते, कधी कडेला लहानसे चिन्ह असते, आणि भाजलेल्या मातीवर काजळीचा थर असल्याने ते बोटाने चाचपल्यावरच आधी कळते. मंगळूर येथे बासल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, तेव्हा अशी कौले त्यापूर्वीची असू शकत नाहीत. मात्र यावरून छपराचे वय कळते, भिंतींचे नाही. एका छपरात दोन-तीन कारखान्यांची कौले सापडली तर दुरुस्तीचे टप्पे लक्षात येतात, आणि अर्जात तेही लिहावे.

भिंतींबाबत काळा पाषाण की जांभा, सांध्यात चुना की सिमेंट, गिलावा मूळचा की नंतरचा, हे पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे हादरे कोल्हापुरातही जाणवले होते. भिंतींत लोखंडी सळया आवळलेल्या किंवा भेगांत सिमेंट भरलेले दिसले, तर त्या सुमाराच्या हिशेबवह्या उघडाव्यात. असे नंतरचे बदल लपवण्याकडे अर्जदारांचा कल असतो. तो चुकीचा आहे, कारण समितीतील जाणकार प्रत्यक्ष पाहणीत ते ओळखतातच आणि मग बाकीच्या दाव्यांवरही शंका येते.

मोजमाप आणि छायाचित्रे

तळनकाशा, दर्शनी बाजूचे चित्र आणि एक छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे चित्र) एवढी रेखाचित्रे पुरेशी आहेत. शहरातील वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून असे काम करतात. प्राध्यापकांना पत्र देऊन विचारावे. छायाचित्रे चारही बाजूंची, आतील मुख्य भागाची आणि खराब झालेल्या ठिकाणांची असावीत. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये, त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रांतून ओल कुठून येते ते स्पष्ट होते. प्रत्येक छायाचित्राला तारीख आणि दिशा लिहावी.

महत्त्वाचे निवेदन

प्रस्तावात सर्वाधिक वाचले जाणारे पान हेच. चर्च भाविकांना प्रिय आहे, हे त्यात लिहिण्याची गरज नाही. ते प्रत्येक चर्चबद्दल खरे असते. ही इमारत नसती तर शहराच्या इतिहासातील कोणती गोष्ट दिसेनाशी झाली असती, ते लिहावे. पुण्यातील क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चचे उदाहरण घ्या. १७९२ चे हे चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, त्यांच्या सैन्यातील गोव्याकडच्या कॅथलिकांसाठी उभे राहिले. या एका वाक्यात कॅथलिक नसलेल्या पुणेकरालाही ते आपल्या इतिहासाचा भाग वाटते. आपल्या चर्चबाबत असे वाक्य शोधावे: संस्थानाने दिलेली जागा, रेल्वेबरोबर किंवा गिरणीबरोबर आलेली वस्ती, एखादी शाळा, दवाखाना, स्थानिक पाथरवटांचे काम. पुरावा असेल तेवढेच लिहावे.

कसे लिहावे याचा अंदाज यावा म्हणून एका काल्पनिक चर्चचा मजकूर देतो: ‘काळ्या पाषाणाच्या जोत्यावरील हे एकमजली चर्च पश्चिमाभिमुख असून दर्शनी भागावर मधोमध घंटेची कमान आहे. भिंती जांभ्याच्या व चुन्याच्या आहेत. छपराच्या सागवानी कैच्या मूळच्या असून कौले दोन वेळा बदलली आहेत. दक्षिणेकडील पोर्च नंतरचे असून त्याचा या प्रस्तावात समावेश नाही. संस्थानकाळात बाहेरून आलेल्या कामगार कुटुंबांच्या वस्तीची शहरात उरलेली ही एकमेव सार्वजनिक वास्तू आहे.’ यात ‘भव्य’, ‘देखणे’, ‘अप्रतिम’ असा एकही शब्द नाही, याकडे लक्ष द्यावे. शेवटच्या वाक्यातील ‘एकमेव’ हा शब्द मात्र पुराव्याशिवाय वापरू नये.

कोणती श्रेणी मागावी

वारसा वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या उत्कृष्ट वास्तू येतात आणि त्यांत आतून-बाहेरून कोणताही बदल, वास्तूचे आयुष्य वाढवण्यासाठी अटळ असल्याखेरीज, मान्य होत नाही. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंची असून तिचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. दोन-अ मध्ये आतील बदल काटेकोर तपासणीनंतर होऊ शकतात; दोन-ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात मूळ वास्तूशी सुसंगत असे वाढीव किंवा नवे बांधकाम काही परिस्थितीत मान्य होते. तिसरी श्रेणी शहराच्या दृश्यरूपाला हातभार लावणाऱ्या वास्तूंची असून तिथे बदलांना अधिक वाव असतो.

अभिमानापोटी पहिली श्रेणी मागण्याचा मोह होतो. ज्या आवारात शाळा चालते आणि वाढणार आहे, तिथे दोन-ब हीच बहुधा सगळ्यांना पेलणारी श्रेणी ठरते. मुख्य चर्चसाठी एक आणि फादरांच्या निवासस्थानासाठी दुसरी, अशी वेगवेगळी श्रेणी सुचवण्यासही हरकत नाही. वापरता न आलेल्या बांधकाम हक्काच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद वारसा नियमांत आहे. विश्वस्तांना ती दाखवावी, पण तिच्या आकड्यांची आश्वासने अर्जदारांनी देऊ नयेत. आणि यादीत नाव आले की दुरुस्तीचा पैसा आपोआप येतो, असे तर मुळीच सांगू नये.

प्रस्ताव दाखल करणे आणि त्याचा माग ठेवणे

प्रस्ताव महापालिका आयुक्तांच्या नावे लिहावा आणि प्रत नगररचना विभागाला व हेरिटेज समितीला द्यावी. आवक विभागात दाखल करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पुढच्या प्रत्येक पत्रात हाच क्रमांक संदर्भ म्हणून लिहावा, नाहीतर प्रत्येक पत्राची नवी फाईल तयार होते. पानांना क्रमांक घालावेत, अनुक्रमणिका जोडावी आणि मूळ कागद कधीही देऊ नयेत. इंटॅकसारख्या वारसा संवर्धन संस्थेचे किंवा संवर्धन वास्तुविशारदाचे अभिप्रायपत्र मिळाले तर प्रस्तावाला वजन येते. अर्जावर केवळ धर्मग्रामातील लोकांच्याच सह्या असू नयेत. शाळेचे माजी विद्यार्थी, गल्लीतील दुकानदार, इतिहासाचे अभ्यासक यांची पत्रेही जोडावीत. माजी विद्यार्थ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात आणि अशा पत्रांचा परिणाम सह्यांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त होतो.

समितीची स्थळपाहणी ठरली की फादर, आवाराची पुरेपूर माहिती असलेला एक माणूस आणि घंटाघराच्या किल्ल्या एवढी तयारी हवी. रविवारची मिस्सा, पवित्र आठवडा आणि नाताळचे दिवस टाळून तारीख सुचवावी.

हरकती आणि सुनावणी

यादीत भर घालण्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. सूचना प्रसिद्ध झाल्याचे कळताच तिची प्रत चर्चच्या फलकावर आणि शेजारच्या सोसायट्यांत लावावी, म्हणजे कुणाला अंधारात ठेवल्याची तक्रार राहत नाही. समर्थनाचे अर्जही याच मुदतीत लेखी द्यावे लागतात. आपण मूळ प्रस्ताव दिला आहे म्हणून वेगळे काही करायला नको, हा समज चुकीचा आहे. सुनावणीत बोलायला एकच माणूस ठरवावा. त्याच्याकडे तीन रंगांचा तो नकाशा असावा, कारण बहुतेक हरकतींचे उत्तर ‘ही जागा प्रस्तावात नाही’ असे बोट ठेवून देता येते. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्याने सुनावणीपूर्वी त्या दिवशी लागू असलेला मजकूर नगररचना विभागातून पडताळून घ्यावा.

दर्जा मिळाल्यानंतर

यापुढे रंग बदलणे, खिडक्या बदलणे, पत्र्याची शेड जोडणे, फरशी उखडणे अशी कामे सुरू करण्यापूर्वी महापालिकेकडे विचारणा करावी लागेल. नेहमीची साफसफाई, गटारे मोकळी करणे, फुटलेले कौल त्याच जातीच्या कौलाने बदलणे यांसारखी देखभाल कोणत्या मर्यादेत करता येईल, ते एकदाच लेखी विचारून उत्तर धर्मग्रामाच्या फाईलमध्ये लावावे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला देणारा ठेकेदार प्रत्येक पावसाळ्यानंतर भेटतोच. सिमेंटमुळे ओल भिंतीत अडकते आणि गिलावा फुगून दगडासह सुटतो, म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधून त्याचा पत्ता आधीच टिपून ठेवावा. जुन्या आणि कलात्मक मूर्तींच्या डागडुजीसाठी कॅनन लॉनुसार बिशपांची लेखी परवानगी आणि तज्ज्ञांचा सल्ला लागतो, हेही परिषदेला सांगून ठेवावे.

अधिसूचनेची किंवा ठरावाची प्रमाणित प्रत मिळाल्यावर तिच्या प्रती धर्मग्राम, बिशप कार्यालय, शाळा आणि विश्वस्त संस्थेच्या हिशेब तपासनीसाकडे द्याव्यात. संपूर्ण प्रस्तावाची स्कॅन प्रत निदान दोन ठिकाणी असावी आणि त्यांतील एक पंचगंगेच्या पूररेषेबाहेर असावी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला याचे कारण सांगायला नको. नवे फादर रुजू झाले की पहिल्या महिन्यातच परिषदेने ही फाईल, तीन रंगांचा नकाशा आणि गवंड्याचा पत्ता त्यांच्या हाती द्यावा व पोच म्हणून त्यांची सही घ्यावी.